द्रावणात न घातलेला वास
काल नातीने नासकं अंडं फोडलं आणि त्या वासासरशी अंधेरीच्या प्रयोगशाळेत मी केलेला महामूर्खपणा आठवला: नटण्यापायी मी माझं एन्झाइम मारलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जिवाणू चरबी बनवतात तेव्हा एक चिमुकलं प्रथिन चरबीची अर्धवट साखळी घेऊन एका एन्झाइमकडून दुसऱ्याकडे जातं. ते एन्झाइमला बिलगतं कसं, हे मला दाखवायचं होतं. वर्षभर खपून चिमूटभर एन्झाइम हाती आलं होतं आणि महिनाअखेर फेलोशिप संपत होती. त्या दुपारी ते पातळ पिशवीत भरून, त्यातले क्षार निघून जावेत म्हणून, थंड खोलीत रात्रभर द्रावणात बुडवून ठेवायचं होतं. द्रावणात मर्कॅप्टोइथेनॉल घातलं तरच ते शाबूत राहायचं, पण त्याचा सडका वास केसांतून जाता जात नसे, आणि त्याच संध्याकाळी पार्ल्याला मला बघायला पाहुणे येणार होते. एका रात्रीने काय होतंय, म्हणत या शहाणीने बाटली उघडलीच नाही. गजरा माळून पोहे दिले, लाजलेसुद्धा! सकाळी पिशवीत नुसता पांढरा साका. मेलेलं एन्झाइम कुणाला बिलगणार? दुपारी मामाचा फोन आला, "मुलगी जास्त शिकलेली आहे म्हणतात, नको." तशीच पिशवी घेऊन गाइडबाईंपुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं, फक्त मामाचा फोन सोडून. आज हसते खरी, पण पुन्हा कुठल्या प्रयोगशाळेत माझं पाऊल पडलं नाही. बाईंनी पिशवी उजेडात धरली, खाली ठेवली आणि म्हणाल्या, "जाऊ दे गं. मुलाकडचे तरी हो म्हणाले ना?"