आमच्या इवाईंची काळी एक

आमच्या इवाईंएवढा हट्टी माणूस नेरपासून आर्णीपर्यंत दुसरा झाला नाही, आणि हे मी सांगतो आहे, ज्याला स्वतःची बायको हट्टात बैलाच्या जोडीला बसवायची. इवाई म्हणजे व्याही, माझ्या मुलीचे सासरे. सारा जन्म सरकारी कचेरीत घालवून नेरला घर बांधून बसलेले; पँट इस्त्रीची, खिशाला दोन पेनं, आणि घरात बाजापेटी. मी चौथीतून उठलेला, काळीत वाढलेला माणूस. काळी म्हणजे वावर. आमच्याकडे दुसरी काळी नसते. लिहिण्यात माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकत असेल तर चुको, कापूस कधी ऱ्हस्व-दीर्घ पाहून फुटला नाही.

इवाईंना जगातली प्रत्येक वस्तू सुरात ऐकू यायची. कुकरची शिट्टी झाली की बाकीचे लोक शिट्ट्या मोजतात, हे तिचा सूर सांगायचे. सोयरिकीच्या बैठकीला आम्ही मानपानाचं बोलत होतो आणि हे माझ्या पंख्याकडे मान वर करून बसलेले. शेवटी मी विचारलं, "इवाईबुवा, तुमचं काही म्हणणं?" तर म्हणाले, "आहे. या पंख्याला तेल देऊ नका." एकदा माझ्या बंडीत बसून वावरात येताना उजवा बैल हंबरला. "याचा सूर उतरलाय. पाणी पाजा." बैल नुकताच हौदावर पोट फुगेस्तोवर पिऊन आलता. तसं सांगितलं तर म्हणतात, "मग डाव्याला पाजा."

ते दिवस काही हसायचे नव्हते. बोंडअळीनं झाडं पोखरलेली, बियाणं दरसाल नवं आणि कापूस दरसाल जुन्याहून कमी. संध्याकाळी पारावर माणसं बसायची, पण बोलणं निघायचं नाही. अशा दिवसांत एकदा नेरहून निरोप आला, की इवाईंनी आमच्या नातीचं नाव शाळेतून काढलं.

झालं होतं असं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरीला गाण्यात उभं केलं आणि बाईंनी सांगितलं, तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नको. पोरगी घरी येऊन तसेच ओठ हलवत बसली. दोन दिवस घरातही आवाज काढेना. इवाई कधी कुणाशी भांडले नव्हते. त्यांनी शाळेत जाऊन दाखला मागितला आणि घरी येऊन जाहीर केलं की ही आता घरीच शिकणार. मोठ्या शहरांत असं करतात म्हणे, आईबापच पोरांना घरी शिकवतात. तेवढ्यानं भागलं नाही. अशा साऱ्या घरांतल्या पोरांना गाणं शिकवायला ते कॉम्प्युटरवर वेबसाइट बांधणार होते. नाव ठेवलं 'घरचा सा'.

मी पहिल्या गाडीनं नेरला गेलो. शाळा सुटण्याचं दुःख मला पुस्तकातून शिकायचं नव्हतं. दारातूनच सुरू केलं, "पोट्टीले घरी कायले बसवलं? माह्यासारखी अडाणी ठेवता काय?"

"आधी वेबसाइट पाहा," इवाई म्हणाले.

पाहतो तर घरभर दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर जुन्या कॅलेंडरची पानं कपड्यांसारखी वाळत घातलेली. पाठकोऱ्या बाजूवर रंगीत पेन्सिलीनं पेटी, तबला, गोल गोल बटनं. ही म्हणे आधी कागदावरची वेबसाइट, खरी मागून. "हे पहिलं पान. इथं दाबा." मी 'तबला' लिहिलेल्या गोलावर बोट टेकवलं. "चला," म्हणाले, आणि धावत स्वयंपाकघरात गेले, कारण तबल्याचं पान चुलीवर टांगलेलं होतं. तिथं 'पेटी' दाबलं तर आम्ही मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली. 'मागे जा' दाबलं की पुन्हा ओसरी. माझ्या गुडघ्यांनी त्या दिवशी जेवढी वेबसाइट पाहिली तेवढी कुणी पाहिली नसेल. विहीणबाई पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "चहा पायजे असंल तर कोनतं बटन दाबाचं, तेबी लिहून ठेवा."

मी चहा घेतला आणि शर्त लावली. होळीपर्यंत घराबाहेरचं एक तरी पोर या वेबसाइटवरून गाणं शिकलं, असा फोन आला पाहिजे. नाही आला, तर नात शाळेत. इवाई म्हणाले, "मंजूर." नात पेरूवर बसून ऐकत होती. तिला कुणीच विचारलं नाही.

मग कागदावरची पानं एकेक करून एका बोटानं कॉम्प्युटरमध्ये चढली. टेलिफोनच्याच तारेतून इंटरनेट यायचं, म्हणून मी गावातून फोन लावला की एंगेज. पान उघडायला वेळ लागे तेव्हा इवाई मांडीवर ताल धरून बसत. विहीणबाई सांगायच्या, "आता वीज जाते." आणि ती जायची.

वेबसाइट झाली तरी फोन येईना. तेव्हा इवाई पेंटर घेऊन माझ्या गावी आले आणि मला न विचारता बंडीच्या मागच्या फळीवर नाव रंगवून घेतलं. आधी तीन नागमोडी इंग्रजी अक्षरं, मी समजलो वेलबुट्टी आहे, आणि मग 'घरचा सा'. त्याच बंडीत कापूस भरून मी संकलन केंद्राच्या रांगेत उभा राहिलो. रांग मुंगीच्या पायानं सरकायची, त्यामुळं मागच्या प्रत्येकाला ते वाचायला भरपूर वेळ. फळीवर लिहिलेलं म्हणजे बियाणं नाही तर फवारणीची दवाई, एवढंच लोकांना ठाऊक.

"काका, हे 'घरचा सा' कोनत्या अळीवर चालते?"

"अळीवर नाई. पोट्ट्याईले गाणं शिकवते."

"मंग पुढचं अक्षर काहून पुसलं? घरचा सासरा असंल."

सारी रांग हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली, म्हणून मी राग आवरला. हसता हसता बोरी अरब गावाकडच्या एकानं मात्र ते नाव तंबाखूच्या पुडीवर उतरवून घेतलं.

होळी आठवड्यावर आली. आता इवाई फोन मोकळा राहावा म्हणून इंटरनेट लावत नव्हते आणि पेटीही उघडत नव्हते. मी नातीसाठी दप्तर घेऊन गेलो होतो. ते खुंटीला अडकवलं आणि फोन वाजला. इवाईंनी तो मोठ्या आवाजावर टाकला.

"बाबाजी, मी तुमची शिष्या बोलून राह्यली," एका लहान पोरीचा आवाज. बोरी अरबजवळच्या वावरातच तिचं घर होतं. मधला नाला ओलांडून शाळेत जाववत नव्हतं, म्हणून आई घरीच शिकवायची. बापानं तंबाखूची पुडी दाखवून आर्णीच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून पहिल्या धड्याचा कागद काढून आणला होता. त्यावर लिहिलं होतं : रोज काळी एकमध्ये उभं राहून दम पुरेल तोवर सा लावावा. "मी रोज लावतो. ऐका."

आणि तिनं सा लावला. लांब, सरळ, वावराच्या धुऱ्यासारखा. इवाईंनी घाईनं पेटी उघडली, पट्ट्या दाबून पाहिल्या. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांना हे लोक रंगानं आणि नंबरानं बोलावतात, हे मला माहीत होतं.

"वा," इवाई म्हणाले. "पण बाळ, तुझी काळी एक नाही. तुझी काळी चार."



"चार वाजता नाई जमत, बाबाजी. चारले बकऱ्या आणाव्या लागते. एकलेच जाऊ द्या ना काळीत. ऊन लागते, पन मी दुपट्टा घेतो."

विहीणबाईंनी पदर तोंडात कोंबला. मी इवाईंकडे पाहिलं. त्यांचं बोट काळी चारवर तसंच होतं, पण भाता थांबला होता. मग म्हणाले, "एकलाच जा, बाळ. एकच बरोबर आहे."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "इवाईबुवा, मी हरलो. धडाच समजला नाही तिला. दप्तर द्या पोरीला."

"समजला नाई कसा?" मी म्हणालो. "काळीत जा म्हटलं, गेली. सा लाव म्हटलं, लावला. तुमच्या पुण्या-मुंबईच्या पोट्ट्याईनं लावला काय?"

"पण काळी एक म्हणजे..."

"काळी म्हणजे काय, हे मले शिकवता?"

चांगलं तासभर भांडलो. ते माझ्या बाजूनं, मी त्यांच्या. शेवटी मी हटलो नाही. भांडण जिंकून शर्त हरणारा माणूस आमच्या गावात मीच. नात पेरूच्या खालून ऐकत होती. तिनं आत येऊन दप्तर खुंटीवरून काढलं, त्यात पेरू भरले आणि ओठ नुसते न हलवता, घर दणाणेल असा सा लावला. इवाई म्हणाले, "काळी तीन." पुढं दोन वर्षांनी ती आपल्या मनानं शाळेत गेली. तेव्हा तिला नुसते ओठ हलव म्हणण्याची कुणाची छाती नव्हती.

पहिल्या धड्यातली ती ओळ इवाईंनी कधी सुधारली नाही. आता इवाई नाहीत, वेबसाइटही कुठं दिसत नाही म्हणतात. बंडी मोडली, फळी तेवढी मी गोठ्याच्या दाराला ठोकली. पावसानं अक्षरं गेली, 'सा' राहिला आहे. दुपारी एकला जेवायला मी वावरात बसतो. आसपास कुणी नसलं तर उभा राहून दम पुरेल तोवर लावतो. दम फार पुरत नाही आता. कोणती पट्टी लागते, ते सांगणारा माणूस नाही.