सातव्या डावानंतर आर्डिसबाई

आमच्या मार्लो गावात रेल्वेचं फाटक आलं की शाळेची प्रत्येक बस थांबते. ड्रायव्हर दार उघडतो, दोन्ही बाजूंचा कानोसा घेतो आणि मगच रूळ ओलांडतो. कायदाच आहे तसा. शाळेची बस चालवणाऱ्या आर्डिस फेल्ट मात्र स्वतःच्या पिकअप गाडीतसुद्धा हेच करायच्या. थांबायच्या, दार उघडायच्या, ऐकायच्या. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवून वाजवून दमायचा.

"सवय आहे रे," त्या म्हणायच्या. "हात आपोआप दाराकडे जातो."

मी पहिलीपासून त्यांच्याच बसने शाळेत गेलो. पुढे इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलो आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावच्या बेसबॉल मैदानावर धावफलक सांभाळायला लागलो. धावफलक जुना, दिवे लावून आकडे दाखवणारा. डाव्या कुंपणाच्या भिंतीतच तो बसवलाय. त्याच्या पोटात माझी खोली. पुढे मैदानाकडे हातभर खिडकी, मागे वाहनतळाकडे दार. वाहनतळाच्या पलीकडे फुटबॉलचं मैदान. त्यामुळे त्या उन्हाळ्यात आर्डिसबाईंची जी काही ये-जा चालायची, ती सगळी माझ्या नाकासमोरून.

खरं तर बाईंना खेळाचं वेड वगैरे काही नव्हतं. वर्षातून दोनदा फुकट तिकीट मिळालं तर जायच्या, हॉटडॉग खायच्या, परत यायच्या. पण त्या वर्षी आमच्या 'कॅटफिश' संघाला खेळाडूंसाठी घरं हवी होती. दूरदूरच्या कॉलेजांतली मुलं उन्हाळाभर खेळायला येतात आणि गावकऱ्यांच्या घरी राहतात, अशी इथली पद्धत. बाईंचे यजमान लोरेन लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात, आठवडा आठवडा बाहेर. दोन खोल्या रिकाम्या होत्या. बाई म्हणाल्या, पाठवा एक.

आला तो थिओ ब्रुसार्ड, लुइझियानाचा. दारातून वाकून आत यावं लागेल इतका उंच. सकाळी कॉर्नफ्लेक्स खायचा ते पीठ भिजवायच्या भांड्यात. आणि बोलायचा अगदी मोजकं.

"काल काय झालं रे शेवटी?" बाई विचारायच्या.

"जिंकलो, मॅम."

"ते कळलं. कसे?"

थिओ बराच विचार करायचा. "बरे खेळलो, मॅम."

आता शेवट काय झाला हे बाईंना का विचारावं लागायचं, तीच खरी गंमत.

खेळाडूला घरी ठेवलं की मोसमभर एक खुर्ची मिळते. बाईंची खुर्ची पडली मर्ल ड्वोराक आणि त्यांची बहीण बर्नाडीन यांच्या शेजारी. मर्ल निवृत्त न्हावी. गावातल्या निम्म्या डोक्यांवर त्यांची कात्री फिरलेली, त्यामुळे उरलेल्या निम्म्यांवरही त्यांचा हक्क असल्यासारखं बोलणं. शाळेत बाईंच्याच वर्गात होते.

पहिल्याच शनिवारी सातव्या डावाच्या मध्यावर सगळं मैदान रिवाजाप्रमाणे उठून उभं राहिलं, गाणं म्हटलं, पाय मोकळे केले. सगळे खाली बसले. बाई बसल्या नाहीत.

"कुठे चाललीस?" मर्लनी विचारलं.

"जन्मभर बसूनच काम केलं. पुढ्यात स्टिअरिंग नसलं की मला बसवत नाही. तिकडे ढोल वाजतोय, बघून येते."

आणि गेल्या. आम्ही तीन धावांनी मागे होतो. बाई वाहनतळ ओलांडून पलीकडे पोचल्या नसतील, तोच कॅटफिशने पाच धावा काढल्या. जिंकलो.

पुढच्या शनिवारी तेच. गाणं झालं, बाई उठल्या, आमच्या पोरांच्या बॅटी बोलायला लागल्या. तिसऱ्या शनिवारी फुटबॉलचा सामना बाहेरगावी होता म्हणून बाई शेवटपर्यंत बसल्या, आणि आम्ही असे हरलो की मला आकडे बदलायला लाज वाटली.

मर्लनी बहिणीकडे बघितलं. बर्नाडीननी मान हलवली. झालं, कायदा पास झाला.

त्यानंतर गाणं संपायच्या आतच ओळीतून आवाज सुरू व्हायचे.

"उठ गं बये, वेळ झाली."

"अरे, दोन मिनिटं थांब ना. थिओची पाळी येतेय."

"म्हणूनच म्हणतोय, जा! पोराचं भलं व्हावंसं वाटत नाही का तुला?"

"मर्ल, हे डोकं तू स्वतःच भादरलंस वाटतं. अक्कलपण निघून आली सगळी."

"बोल हवं तेवढं. चालत चालत बोल."

मागच्या ओळीतलेसुद्धा टाळ्या वाजवायचे. जिन्यावरून बाई उतरायला लागल्या की कोणी चेंडू कुंपणाबाहेर मारल्यासारखा जल्लोष. दारावर हातावर शिक्का मारून घ्यायचा, म्हणजे परत येता येतं. पण बाई परत आल्या की मर्ल असे बघायचे, की त्या पुन्हा फुटबॉलकडेच वळायच्या.

तिकडे कोणाला शकुन-अपशकुनाचं पडलेलं नव्हतं. मांसाच्या कारखान्यात काम करणारी माणसं, कोणी काँगोची, कोणी ग्वाटेमालाची, पाळी संपवून थेट मैदानावर. ढोल असायचा एस्पेरान्सच्या गळ्यात. ही कारखान्यात बाराबारा किलोची खोकी उचलणारी बाई, ढोलही तशीच बडवायची.

"आल्या आल्या, मामा आर्डिस आल्या! आजपण हाकललं?"

"हाकललं कसलं. मीच आले."

"हो, हो. आमच्या सासूबाईंनापण मी कधी हाकलत नाही, त्या आपल्या आपणच जातात. घ्या, खा." कागदात गरम गरम तळलेले गोड गोळे. "आणि हा झेंडा धरा. उलटा नाही हो! गोल होईल तेव्हा हलवा."

"कोणाचा गोल?"

"आपला, मामा, आपला!"

एका संध्याकाळी आपला गोलरक्षक पुढे येऊन कोपऱ्यातल्या किकवर डोकं मारून गोल करून गेला, तेव्हा बाईंनी झेंडा असा हलवला की पुढच्या माणसाची टोपी मैदानात पडली. मला ढोलाचा आवाज माझ्या खोलीत ऐकू यायचा. ठेका तुटला की समजायचं, गोल.

जुलै सरेपर्यंत असं झालं, की तो एक हरलेला सामना सोडला तर बाईंनी बेसबॉलचा एकही शेवट आणि फुटबॉलची एकही सुरुवात धड बघितली नव्हती. आणि बघा, ज्या बाईला जून महिन्यात काही फरक पडत नव्हता, तीच आता माझ्या मागच्या दारात येऊन उभी राहायची. "स्कोअरबोर्ड, सांग मला. सगळं सांग. पहिल्या चेंडूपासून." मी सांगायचो. पण माझ्या हातभर खिडकीतून दिसणार किती? आणि ज्याने खरं सांगायचं, तो थिओ भांडंभर दुधात तोंड घालून "बरे खेळलो, मॅम."

ऑगस्टात अंतिम सामना आमच्याच मैदानावर आला. थिओ दुसऱ्या सकाळी घरी जाणार होता. त्याची आई परिचारिका, तिला रजा मिळाली नव्हती, म्हणून ती सामन्याला येणार नव्हती. शुक्रवारी रात्रीचं जेवण झाल्यावर तो ताटं धुता धुता थांबला म्हणे.

"मिस आर्डिस, उद्या शेवटपर्यंत थांबाल? मी मोसमात एकदाही चेंडू कुंपणाबाहेर मारला नाहीये. उद्याही बहुतेक नाही मारणार. पण कोणीतरी असावं असं वाटतंय."

एवढं लांब वाक्य तो उन्हाळ्यात पहिल्यांदाच बोलला होता. बाईंनी शब्द दिला.

शनिवारी मैदानावर मुंगीला जागा नव्हती. दारावर पाटी: आज बाहेर गेल्यास पुन्हा प्रवेश नाही. अंतिम सामन्याचा नियम. शिक्का बंद.

सातवा डाव आला. आम्ही दोनाला चार असे मागे. गाणं झालं. सगळे बसले. आर्डिसबाईही बसल्या.

मी खिडकीतून बघत होतो. मर्ल काही बोलले नाहीत. तोंड घट्ट मिटून समोर बघत राहिले. मागची ओळ गप्प. बर्नाडीनना ते पुढे सांगितल्याशिवाय राहवलं नाही: "मर्ल ओरडला असता तर ती बसली असती हो. तो गप्प बसला तिथंच गडबड झाली."

आठव्या डावात पाहुण्यांनी आणखी एक धाव काढली. दोनाला पाच. मी आकडा बदलला आणि वर बघितलं तर बाईंची खुर्ची रिकामी.

पाचएक मिनिटांत मागच्या दारात सावली पडली.

"अहो, तुम्ही! शब्द दिला होतात ना त्याला?"

"माहितेय." बाईंचा चेहरा रडवेला झाला होता. "पण मी बसून तो हरला तर? मला नाही पटत असलं काही, तुला माहितेय. पण पाय उठले रे. आता परत सोडणार नाहीत."

"आत या. खिडकीतून दिसेल थोडं."

"नको! बघायचं नाही. मर्लचा नियम आहे, बघायचं नाही, रेडिओ ऐकायचा नाही. तू पण काही सांगू नकोस."

त्यांची पिकअप दारासमोरच उभी होती. मागची फळी पाडून त्या तिच्यावर बसल्या, मैदानाकडे पाठ करून. पलीकडून एस्पेरान्सचा ढोल येत होता. तिकडे जायला मात्र बाई उठल्या नाहीत.

आमच्या आठव्या डावात एक धाव निघाली. मी कळ दाबली. आत दिवे बदलणारा रिले 'कट्' वाजला.

"कट् ऐकलं मी," बाई म्हणाल्या. "एकच ना?"

"मी काही बोलत नाहीये."

"तोंड बघू इकडे. एकच. बरं."

नववा डाव. पाहुण्यांना काही करता आलं नाही. आता आमची शेवटची पाळी, तीनाला पाच. पहिला बाद. दुसरा धावत तळावर पोचला, तिसराही. मग आणखी एक बाद. दोन गडी तळांवर, दोन बाद, आणि बॅट घेऊन आला थिओ.

"कोण आलंय?" पाठीमागून.

"सांगू नको म्हणालात."

"नको सांगू." मग मान वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तोच आलाय ना? तुझे कान लाल झालेत."

पहिला चेंडू, हुकला. दुसराही हुकला. आणखी एक हुकला की उन्हाळा संपला. मैदान इतकं शांत, की पलीकडचा ढोल स्पष्ट यायला लागला. मी खिडकीला नाक लावलं.

चेंडू आला. थिओने बॅट फिरवली. तो आवाज, तो मी या खोलीत शेकडो वेळा ऐकलाय, पण असा नाही. पांढरा ठिपका वर चढला, वाढत वाढत थेट माझ्याच दिशेने आला, खिडकीच्या चौकटीतून वर निघून गेला. डोक्यावरच्या पत्र्यावरून पलीकडे. आणि मागे:

खण्ण्!

मी मागे धावलो. आर्डिसबाई फळीवरून उडी मारून उभ्या होत्या. गाडीच्या पुढच्या काचेवर, शेजारच्या सीटसमोर, कोळ्याच्या जाळ्यासारखी भेग पसरली होती, आणि चेंडू टपावरून टुणटुण उड्या मारत त्यांच्या पायाशी आला होता.

"आता सांगू?" मी ओरडलो.

"काय सांगतोस! माझ्या काचेला विचार!"

भिंतीपलीकडे जो गलका उठला त्याने पत्रे थरथरले. माझ्या लक्षात आलं की आकडे बदलायचे राहिलेत. आत धावलो. कट्, कट्, कट्. सहाला पाच. एस्पेरान्सचा ढोल थांबला. मग गोल झाल्यासारखा दुप्पट जोरात सुरू झाला. काय झालं हे न कळताही त्या लोकांनी आमच्यासाठी झेंडे हलवले.

थोड्या वेळाने सगळी ओळ वाहनतळात. पुढे मर्ल, दोन्ही हात पसरून.

"म्हटलं नव्हतं मी? म्हटलं नव्हतं? पुढच्या वर्षी तुझी खुर्ची इथेच मांडू, गाडीशेजारी."

"पुढच्या वर्षी मी शेवटपर्यंत बसणार," बाई चेंडू छातीशी धरून म्हणाल्या. "हरलात तर हरा. उन्हाळाभर माझं हसं केलंत, आणि एवढा मोठा फटका, तो मी पाठमोरी!"

"अगं, पण काच कोणाची फुटली? आमच्यापैकी कोणाला मिळालाय का असला मान?"

खिळ्याचे बूट डांबरावर खडखडवत थिओ आला. चेहऱ्यावर धूळ, शेंगांची टरफलं, कोणीतरी ओतलेलं सरबत. काच बघून थबकला.

"सॉरी, मॅम."

"सॉरी काय म्हणतोस गाढवा!"

"तुमची खुर्ची रिकामी दिसली." तो बूट बघत होता. "बॅट घ्यायच्या आधी बघितली मी."

बाईंचा आवाज उतरला. "हो. उठले मी. चुकलंच माझं. मला वाटलं, मी गेले तर तुला..."

थिओने मर्लकडे बघितलं, काचेकडे बघितलं आणि पहिल्यांदाच दात दाखवून हसला. "मला वाटलं, तुम्हाला कंटाळा आला. राग आला मला. रागातच मारला तो."

मर्लनी तोंड उघडलं आणि बर्नाडीननी ते कोपराने बंद केलं.

बाई मला घरी सोडते म्हणाल्या, म्हणून मी पिकअपच्या मागच्या हौद्यात बसलो. मधली सरकती काच उघडी होती. थिओ तडकलेल्या काचेसमोर बसला होता, मांडीवर चेंडू.

"आता सांग," बाई म्हणाल्या. "मी उठले तिथपासून. आणि 'बरे खेळलो' म्हणालास तर इथेच उतरवीन."

थिओ बोलायला लागला. आधी अडखळत, मग हात हलवत. तो पाहुण्यांचा चेंडू फेकणारा डावखुरा कसा सतत बाहेर टाकत होता, पहिले दोन चेंडू त्याला दिसलेच नाहीत ते कसे. बाईंनी घराचं वळण सोडून दिलं. नदीकाठाने गेल्या, धान्याच्या कोठारांना वळसा घातला, शाळेवरून परत फिरल्या. माझं घर दोनदा मागे गेलं. मी काचेजवळ आणखी सरकून बसलो.

रेल्वेचं फाटक आलं. गाडी थांबली, बाईंनी दार उघडलं. थिओही गप्प झाला. दोन्ही बाजूंना रूळ रिकामे, लांब कुठेतरी कणसांच्या शेतातून वारा.

बाईंनी नीट कानोसा घेतला. दार लावलं.

"थांबलास का?" त्या म्हणाल्या. "दोनदा हुकलास. पुढे?"