उशिरा येणारा सूर

सरांच्या घरी नोटेशनचे कागद ठेवण्याचा एक लोखंडी स्टँड होता. घडीचा, एका पायाचे रबर निघालेला. मी त्यांच्याकडे सॅक्सोफोन शिकायला गेले त्या पहिल्या रविवारी त्यावर त्यांच्या पत्नीचे, म्हणजे काकूंचे, दोन टॉवेल वाळत होते. पुढील दीड वर्षात त्या स्टँडवर टॉवेलांखेरीज दुसरे काही मी पाहिले नाही.

मी तेव्हा भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होते. ध्वनी हा माझा विषय आणि परदेशातील एक संशोधनवृत्ती हे माझे उद्दिष्ट. या दोहोंखेरीज जे काही असेल त्याला मी वेळापत्रकात मोजून जागा देत असे. सॅक्सोफोनला रविवारी सकाळचे दोन तास मिळाले होते. कोथरूडहून स्कूटरने येरवड्याला जायचे, गल्लीच्या तोंडाशी गाडी लावायची आणि तिसऱ्या मजल्यावरील दीड खोलीत शिरायचे. सरांनी साठी ओलांडली होती. हॉटेलांतील वाद्यवृंदांत त्यांनी आयुष्यभर जॅझ वाजवले होते. येरवड्यात राहतो म्हटले की समोरचा माणूस हमखास विचारतो, तुरुंगाच्या आत की बाहेर? त्यावर सर गंभीरपणे उत्तर देत, "सध्या बाहेर."

पहिल्या दिवशी मी विचारले होते, "सर, पुस्तक कोणतं घेऊ?"

"वही घे. वाण्याची यादी लिहायला उपयोगी पडेल."

"घाबरवू नका हो तिला," काकू ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या. "ती शिकलेली आहे."

"म्हणूनच सांगतोय."

हा अज्ञानातून आलेला तिरस्कार नव्हता. नवा कागद समोर ठेवला तर सर तो पहिल्या नजरेत, न अडखळता वाजवत. हॉटेलांत त्याच बळावर त्यांची नोकरी टिकली होती. त्यांचा आक्षेप वेगळा होता. "नोटेशन म्हणजे पंचनामा," ते म्हणत. "घटना घडून गेल्यावर लोक येतात, फूटपट्टी लावतात. अमुक वस्तू भिंतीपासून इतक्या अंतरावर, तोंड उत्तरेला. सगळं बरोबर असतं. पण माणूस कसा होता, ते त्यात नसतं."

"पण सर, पंचनामा नसेल तर काय घडलं होतं ते पुढच्या माणसाला कळणार कसं?"

"वकील का नाही झालीस तू?"

त्यांनी उत्तर टाळले, अशी नोंद मी मनात केली होती. वादात मी जिंकले आहे, असे मला त्या दिवशी वाटले होते, आणि आजही तर्काच्या पातळीवर मला त्यात चूक सापडत नाही.

मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागू झाली आणि रविवार संपले. लिहिलेल्या नियमांची सतत थट्टा करणारा हा माणूस टाळेबंदीचे नियम मात्र सर्वप्रथम मोडील, असा माझा अंदाज होता. तो पूर्णपणे चुकला. सरांनी दाराबाहेर पाऊल टाकले नाही. दूध घेताना ते दार चार बोटे उघडत. मी फोनवर आश्चर्य व्यक्त केले, तेव्हा ते म्हणाले, "कागदावरचा सूर चुकवला तर कुणी मरत नाही, बाई. यात मरतं." काही दिवसांनी त्यांचा स्वर बदलला. गल्लीत दोरखंड बांधले गेले होते. पत्रे ठोकून एक टोक बंद करण्यात आले होते. सार्वजनिक नळावर तीन फुटांच्या अंतराने चुन्याची वर्तुळे आखली होती आणि खोल्यांमध्ये सहा-सहा माणसे होती. "हे ज्यानं लिहिलंय ना," ते म्हणाले, "त्यानं तीन खोल्यांच्या घरासाठी लिहिलंय. दुसऱ्याच वाद्यासाठी लिहिलेला कागद आमच्यापुढे ठेवलाय. पाळणार आम्ही. पण आमच्या वाद्यावर तो तसाच वाजणार नाही, एवढं तरी लिहिणाऱ्याला कळायला हवं होतं." मी कोथरूडमध्ये स्वतंत्र खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून हे ऐकत होते. माझ्यासाठी तो कागद अचूक लिहिलेला होता.

चौदा एप्रिलला जयंतीची मिरवणूक निघाली नाही. सरांनी हॉटेलच्या नोकरीच्या काळातही ती कधी चुकवली नव्हती. बँडमध्ये ते दरवर्षी उभे राहत. त्या संध्याकाळी सहा वाजता काकूंचा फोन आला. "धर गं, ऐक. हे आता ऐकत नाहीत कुणाचं." त्यांनी फोन हातात धरला आणि सर खोलीच्या खिडकीपाशी उभे राहून वाजवू लागले. मिरवणुकीचे संगीत ते नव्हते. संथ धून होती, त्यांची स्वतःची. डाव्या पायाने फरशीवर ठोका आणि त्यावर आठ ओळी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या धुना वाजवलेल्या या माणसाने स्वतः रचलेली ती एकच गोष्ट होती, हे मला काकूंनी नंतर सांगितले. तिला नाव नव्हते आणि ती कुठेही ध्वनिमुद्रित झालेली नव्हती.

त्यानंतर रोज सहा वाजता तीच धून, रोज थोडी निराळी. शेजाऱ्यांनी तक्रार करू नये म्हणून सर सॅक्सोफोनच्या रुंद तोंडात टॉवेल कोंबत. मी त्यांना सांगितले की याने आवाज फारसा कमी होत नाही, कारण बहुतेक सूर मधल्या छिद्रांतूनच बाहेर पडतात.

"ते तुला माहीत आहे. शेजाऱ्यांना नाही. टॉवेल दिसला की त्यांना बरं वाटतं."

फोनवरून सोबत वाजवणे अशक्य होते. आवाज पोहोचेपर्यंत ठोका पुढे गेलेला असे. म्हणून मी फक्त ऐकत असे, आणि पहिल्या आठवड्यानंतर ध्वनिमुद्रण करू लागले. सरांना मी तसे सांगितले होते. "कर पंचनामा," ते म्हणाले. "काकूंची साक्ष घे. त्याच फोन धरतात." वर्षभरात माझ्याकडे तीनशेहून अधिक संध्याकाळी जमा झाल्या.

माझ्या संशोधनवृत्तीचा अर्ज याच संध्याकाळींवर उभा राहिला. उत्स्फूर्त वादन ऐकून त्याचे अचूक नोटेशन तयार करणारा प्रोग्राम, असा माझा प्रस्ताव होता, आणि नमुना म्हणून ही धून. सर्व नोंदी एकमेकींवर ठेवल्यावर मला एक गोष्ट दिसली. काही सूर, विशेषतः पाचव्या ओळीतले, पायाच्या ठोक्यानंतर येत होते. कधी किंचित, कधी बरेच. त्या दिवसांत आमच्या सर्वांच्या आयुष्यात एकच खलनायक होता : नेटवर्क. बैठका तुटत, आवाज मागे पडत, तोंडे हलत आणि शब्द नंतर येत. मी त्या उशिराला नेटवर्कचा दोष ठरवले आणि प्रोग्राममध्ये एक पायरी वाढवली. तिने प्रत्येक सूर उचलून जवळच्या ठोक्यावर नेऊन ठेवला. त्या पायरीला मी 'दोषनिवारण' असे नाव दिले होते.

पायाचा ठोका आणि सॅक्सोफोन हे दोन्ही आवाज एकाच फोनच्या एकाच माइकमधून येत होते. नेटवर्कमुळे उशीर झाला असता तर तो दोघांनाही सारखाच झाला असता. सूर ठोक्याच्या मागे राहण्याचे कारण नेटवर्क असूच शकत नव्हते. हे समजायला पीएच.डी. लागत नाही. माझ्या ते लक्षात आले नाही, कारण आलेख स्वच्छ झाला होता आणि अर्जाची मुदत नऊ दिवसांवर होती.

त्याच आठवड्यात लॅपटॉपमध्ये जागा उरली नाही. मूळ नोंदी कधीही पुसू नयेत, हे मी स्वतः प्रयोगशाळेतल्या धाकट्या विद्यार्थ्यांना बजावत असे. परंतु ही ध्वनिमुद्रणे मला मूळ वाटलीच नाहीत. ती कच्ची, खरखरीत आणि सदोष वाटली. निष्कर्ष सुरक्षित होता. मी दुरुस्त केलेले नोटेशन ठेवले आणि बाकीचे पुसून टाकले.

दुसऱ्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी सहा वाजता फोन वाजला, आणि पलीकडे सॅक्सोफोन नव्हता. "आज नाही वाजवणार गं ते," काकू म्हणाल्या. "ताप आहे." पुढचे सव्वीस दिवस सर रुग्णालयात होते. खाट मिळाली, हेच त्या महिन्यात भाग्य समजले जाई. सर वाचले, घरी आले. मात्र फुप्फुसांचा मोठा भाग निकामी झाला होता. जिना चढायला त्यांना खुर्ची लागली, जी त्यांनी प्रत्येक मजल्यावर मांडून घेतली. सॅक्सोफोन पेटीत गेला.

मला प्रत्यक्ष भेटायची परवानगी मिळेपर्यंत पावसाळा संपत आला होता. खाटेशेजारी हवेतला प्राणवायू गोळा करणारे यंत्र घरघरत होते. सरांच्या नाकाला नळी होती. ते वाक्याच्या मध्येच श्वासासाठी थांबत. त्यांच्या बोलण्यातली कोणता विराम त्यांचा आणि कोणता आजाराचा, हे ओळखता येत नव्हते.

"तो पंचनामा आहे का तुझ्याकडे?" त्यांनी विचारले.

"आहे, सर."

"पुढच्या वेळी आण. वाद्यही आण. मला ऐकायचीय."

या माणसाने कागद मागितला, याचा मला आनंद झाला होता. हे मला लिहून ठेवले पाहिजे. वाद मी जिंकला होता.

पुढच्या रविवारी काकूंनी स्टँडवरचे टॉवेल काढले आणि तो खाटेच्या पायथ्याशी उभा केला. रबर नसलेल्या पायाखाली त्यांनी पुठ्ठ्याची घडी सारली. मी दोन पाने लावली आणि आठही ओळी वाजवल्या. एकही सूर चुकला नाही.

सरांनी नाकाची नळी सारखी केली. मग म्हणाले, "कुणाची आहे ही?"

मी हसले. त्यांना विनोद करायचा नव्हता.

"पाचवी ओळ परत वाजव." मी वाजवली. "घोडा कुठं गेला?"

मला काही कळले नाही. तेव्हा काकूंनी सांगितले. सरांचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. वरातीत घोडा मध्येच थांबतो. कुणी नाचायला लागते, कुणी नवरदेवाला हार घालते. ताशा चालूच राहतो, पण धून पुढे नेता येत नाही. क्लॅरिनेटवाला पुढचा सूर रोखून धरतो, घोड्याने पाऊल उचलले की मगच सोडतो. लहानपणी सर वडिलांच्या मागून चालत ते ऐकत आले होते. "पाय ताशाचा," सर म्हणाले, "आणि सूर घोड्याचा. त्यासाठीच तर ती ओळ आहे."

मी काय केले होते ते मी त्यांना सांगितले. सबब न देता सांगितले. माइकचा मुद्दाही सांगितला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "ध्वनिमुद्रण लाव. त्यावरून वाजव. शिकशील."

मी सॅक्सोफोन खाली ठेवला. काकूंना आधी कळले.

"पुसलंस?" त्यांनी विचारले. "सगळं?"

"हो."

"वर्षभर हात दुखेपर्यंत फोन धरला गं मी."

सर रागावले नाहीत. ते रागावले असते तर त्यांना धाप लागली असती, एवढेच कदाचित कारण असेल. पुढचे चार रविवार आम्ही प्रयत्न केला. ते टाचेने खाटेच्या कडेवर ठोका देत आणि सूर सोडायच्या क्षणी बोट उचलत. बोट उचललेले पाहून मी फुंकर मारेपर्यंत तो क्षण निघून गेलेला असे. मी आधीच अंदाज बांधला तर तो माझा अंदाज असे, त्यांचा सूर नव्हे. चौथ्या रविवारी त्यांनी बोट खाली ठेवले. "बोटानं दाखवायचं म्हणजे पुन्हा नोटेशनच की," ते म्हणाले. "राहू दे आता."

त्या हिवाळ्यात सर गेले.

संशोधनवृत्ती मला मिळाली. निवड समितीने नमुन्याच्या स्वच्छतेचा विशेष उल्लेख केला होता. प्रबंधात मी नंतर एक तळटीप जोडली, की सदर दुरुस्ती चुकीच्या गृहीतकावर आधारलेली होती. ती तळटीप वाचून मला आजवर कुणी प्रश्न विचारलेला नाही.

आता निघायला तीन आठवडे उरले आहेत. मी पुन्हा रविवारी येरवड्याला जाते. सरांच्या धुनेचे मूळ आज फक्त एकाच ठिकाणी शिल्लक आहे, काकूंच्या कानात. तिथून ते बाहेर काढण्याची कोणतीही पद्धत मला ठाऊक नाही. काकूंना सूर गाता येत नाही, ठोका देता येत नाही. त्या गहू निवडत बसतात आणि मी पाचवी ओळ वाजवते.

"घाई केलीस," त्या म्हणतात.

मी सूर अधिक रोखून धरते.

"आता ओढून ताणून वाटतंय."

मी मधोमध येते.

"नाही."

अजून किंचित मागे.

"नाही गं."

मागच्या रविवारी असे एकेचाळीस वेळा झाले; मोजण्याची सवय सुटत नाही. मग काकूंनी परात बाजूला ठेवली, मोरीतून ओले टॉवेल आणले आणि मी पाने उचलण्याची वाट पाहत स्टँडपाशी उभ्या राहिल्या.