सरांच्या कॉम्प्युटरमधला आवाज

मुलीने नागपूरला कॉलेजसाठी नवा लॅपटॉप घेतला आणि जुना माझ्या टेबलावर टाकून गेली. तो सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की मी बटण दाबून कुकर लावायला जायची. एक दिवस त्याच्या स्क्रीनवर सूचना आली, या मशीनला आता विंडोजची पुढची आवृत्ती मिळणार नाही. मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, भंगारात दे, नाहीतर विंडोज काढून त्याच्यावर लिनक्स टाक. फुकट असते."

बी.एस्सी.ला वर्ध्याला होते तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत आम्ही चपला बाहेर काढून जायचो. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटायची. तिथे मी एक प्रोग्राम लिहिला होता. कोणतंही साल टाकलं की त्या सालचं कॅलेंडर यायचं. फेब्रुवारीने मला तीन दिवस छळलं होतं. मग बी.एड. झालं, लग्न झालं, सेलूच्या हायस्कूलमध्ये गणिताची शिक्षिका म्हणून लागले. शाळेत मला 'कॉम्प्युटरवाल्या मॅडम' म्हणतात, पण ते पोर्टलवर मुलांची माहिती भरण्यापुरतं. हजेरी, आधार, शिष्यवृत्तीचे अर्ज. कॉम्प्युटरच्या कामात आनंद असू शकतो हे मी पार विसरले होते.

एका रविवारी मोबाइलवर बघून बघून पेनड्राइव्ह तयार केला आणि लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. तो मिनिटभरात सुरू झाला. जगातल्या कोणकोणत्या माणसांनी ते लिहून सगळ्यांना मोकळं देऊन टाकलं होतं, आणि आतलं काहीही उघडून बघायला कोणाची मनाई नव्हती. काळी खिडकी उघडली, पहिली आज्ञा टाइप केली, उत्तर आलं. मी एकटीच हसले. पुढच्या आठवड्यात तो कॅलेंडरचा प्रोग्राम नव्याने लिहिला. फेब्रुवारीने या वेळी अर्धा तासच घेतला. नवरा स्वयंपाकघरातून ओरडला, "अवं, तुले झालं काय? भाजी करपून राह्यली ना!"

नवं काही गवसलं की मी गप्प बसत नाही. स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगत सुटले. शाळेच्या क्लार्कचा घरचा कॉम्प्युटर दुरुस्त केला, मग शेजारणीचा. दोन्ही चांगले चालायला लागले. माझ्या बोलण्यात तेव्हा एक तोरा आला होता. तो मला आज आठवतो तेव्हा अंगावर येतो.

त्याच सुमारास आमच्या शाळेतले मराठीचे सर निवृत्त झाले. ते मूळचे कारंजा घाडगेजवळच्या एका गावचे. नोकरीभर सेलूत भाड्याने राहिले आणि आता गावी परत निघाले होते. घरी ते गोंडी बोलायचे. शाळेत आईचा फोन आला की व्हरांड्याच्या टोकाला जाऊन हळू आवाजात बोलायचे. आम्ही कोणी कधी विचारलं नाही, काय बोलता. दोन वर्षांपूर्वी त्यांची आई वारली.

सामान बांधायच्या दिवशी ते ऑटोत घालून आपला जुना कॉम्प्युटर माझ्याकडे घेऊन आले.

"मॅडम, हा चालूच होऊन नाई राह्यला. निळा पडदा येते अन् बंद होते. तुमाले काई करता येते काय?"

"येते म्हणजे? सर, दोन तासांचं काम. आणि असं करून देते की पुन्हा व्हायरसचा त्रासच नको." मी त्यांना लिनक्सबद्दल सांगू लागले.

ते ऐकत होते. मध्येच म्हणाले, "त्यात आईचं थोडं..."

"हो हो सर, काही काळजी करू नका," मी म्हणाले आणि पुढे बोलत राहिले.

त्यांचं वाक्य मी पूर्ण होऊ दिलं नाही. मला वाटलं, आईचे फोटो असतील.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी कॉम्प्युटर लावला, पेनड्राइव्हवरून सुरू केला. आतल्या फाइली दिसत होत्या. 'आई' नावाचा एक फोल्डरही दिसला. तो आधी दुसरीकडे उतरवून घ्यायचा, हे मला ठाऊक होतं. रिकामा पेनड्राइव्ह घरात नव्हता, बाजारात जाऊन आणावा लागला असता. मला घाई झाली होती. मी मनाशी ठरवलं की जुनी सिस्टीम तेवढी पुसली जाईल, फाइलींचा भाग वेगळा आहे, तो राहील. स्क्रीनवर विचारलं होतं, संपूर्ण डिस्क पुसायची का. वर्गात मी मुलांना रोज सांगते, प्रश्न दोनदा वाचा. मी एकदाही नीट वाचला नाही. 'हो' दाबलं.

वीस मिनिटांनी नवा कोरा पडदा आला. फाइलींचा भाग उघडायला गेले, तर असा भागच उरला नव्हता.

मी कॉम्प्युटर बंद केला आणि त्याच्यावर टॉवेल टाकला.

संध्याकाळी सरांचा फोन आला. सामान गावी पोचलं होतं. "झाला काय जी मॅडम?"

"सुरू झाला सर."

"वा! अन् आईचं रेकॉर्डिंग? ते हाय ना? तिच्या अखेरच्या दोन वर्षांत मी करत होतो. पाखरांची नावं, लग्नातली गाणी, तिचं माहेर. चाळीसेक तरी असन. मले तेच पाह्यजे होतं, बाकी सगळं गेलं तरी चालते."

मी म्हणाले, "आहे सर. वेगळं काढून ठेवलंय. जरा नीट लावून देते."

डिस्क माझ्या हातून पुसली गेली ती हलगर्जीपणाने. हे वाक्य मात्र मी शुद्धीवर असताना बोलले.

नंतर मी वाचायला बसले. जगभरातले लोक जिथे प्रश्न विचारतात अशा एका ठिकाणी माझ्यासारख्या घाईवाल्यांची रांगच होती. तिथे कळलं की डिस्क पुसली म्हणजे सगळं लगेच जात नाही. ग्रंथालयातली यादी फाडून टाकावी तसं होतं. पुस्तकं कपाटातच असतात, फक्त कुठे काय आहे ते सांगणारं कोणी उरत नाही. नवीन काही वर लिहिलं गेलं तेवढंच कायमचं जातं. म्हणून त्या डिस्कला आता हात लावायचा नाही. मी वर्ध्याहून डिस्क बाहेरून जोडायची वायर आणली, पेचकस घेऊन कॉम्प्युटर उघडला, डिस्क काढली आणि आधी तिची जशीच्या तशी नक्कल करून घेतली. पुढचं सगळं नकलेवर.

दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. फराळ मी त्या वर्षी अर्धाच केला. दुपारभर आज्ञा शिकत होते. एक छोटा प्रोग्राम डिस्कचा कण न् कण चाळून आवाजाच्या फाइली ओळखतो, तो चालवायला शिकले. पहिली फाइल सापडली तेव्हा मी टाळी वाजवली. खरंच वाजवली. नवऱ्याने विचारलं, "लॉटरी लागली काय?" मी त्यालाही खरं सांगितलं नव्हतं.

मला सर्वांत जास्त लाज या गोष्टीची वाटते. ते दिवस सुखाचे गेले. कॉलेजनंतर इतकं डोकं चालवून मी काही केलं नव्हतं. सकाळी उठले की आज काय करून बघायचं ते डोक्यात तयार असे. आणि दर आठ दिवसांनी सरांचा फोन येई. मी म्हणे, "थोडं राहिलंय सर." ते म्हणत, "करा, करा. तुमाले शाळेचंबी काम असते. मी घाई नाई करत."

अखेर सतरा फाइली निघाल्या. नावं गेलेली, नुसते आकडे. मी हेडफोन लावून सगळ्या ऐकल्या. एका म्हातारीचा बसका, ठाम आवाज. मधेच कोंबडा आरवतो, भांडं पडतं, सर काही विचारतात, ती हसते. काही वाक्याच्या मध्येच तुटत होत्या. मला शब्दही कळत नव्हता. कुठलं गाणं, कुठली पाखरांची नावं, काय गेलं आणि काय राहिलं, हे सांगू शकणारा माणूस एकच होता.

मी एस.टी.ने निघाले. वर्ध्याला गाडी बदलली, आर्वीवरून कारंजा, तिथून ऑटोने त्यांचं गाव. मांडीवर लॅपटॉपची बॅग होती. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत होते. सरांच्या अंगणात पोचले तोवर जुळवलेलं सगळं गळालं होतं.

सरांच्या बायकोने, काकूंनी, पाणी दिलं, चहा ठेवला. सर आनंदाने खुर्ची सरकवत म्हणाले, "इतक्या दूर काऊन आल्या? मीच आलो असतो ना."

"सर, मी तुमच्याशी खोटं बोलले," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. फोल्डर दिसला होता, हेसुद्धा.

काकू चहाचे कप घेऊन दारातच थांबल्या होत्या. शेवटी सर म्हणाले, "जे हाय ते लावा."

मी एकेक फाइल लावली. ते डोळे मिटून ऐकत होते. "हे पाखरांचं." "हे माहेरचं, अर्धंच हाय." एका फाइलीला म्हणाले, "ही आई नाई, शेजारची म्हातारी हाय." काकू खाली बसून पदराने डोळे पुसत होत्या. लग्नाच्या गाण्यांपैकी दोनच निघाली. सतरावी संपली तेव्हा सरांनी विचारलं, "झालं?"

"झालं सर."

"एक होतं, त्यात आई मले रागावते. मनते, लहानपणी माह्याजवळ बसत नव्हता, आता यंत्र घेऊन बसला. ते नाई निघालं?"

"नाही सर."

ते उठून अंगणात गेले, बैलाच्या रिकाम्या खुंट्यापाशी थोडे उभे राहिले आणि परत आले. "पुसलं गेलं ते हाताकडून झालं मॅडम. मशीन हाय, होते. पण मी आठ-आठ दिवसांनी फोन करत होतो. तवाच काऊन नाई सांगितलं? मी रोज हिले सांगो, आईचं येऊन राह्यलं, आईचं येऊन राह्यलं."

मी माफी मागितली. त्यांनी 'असू द्या' म्हटलं नाही. चहा मात्र थंड झाला म्हणून काकूंनी पुन्हा केला, आणि तो घेतल्याशिवाय मला निघू दिलं नाही.

दोन महिने फोन आला नाही. मीही केला नाही. शाळेत कोणी कॉम्प्युटर घेऊन आलं की मी आधी कागद पुढे करून आत काय काय आहे ते त्यांच्याकडून लिहून घेऊ लागले. लोक हसायचे. लॅपटॉपवर नवीन काही जमलं तरी टाळी वाजवावीशी वाटत नव्हती.

फेब्रुवारीत सरांचा फोन आला. आवाज कामापुरता होता. त्यांची मावशी जवळच्याच गावात आहे, नव्वदीला टेकली आहे, तिला आईची गाणी येतात. "तुमी येजा रविवारी, जमते तर. रेकॉर्डिंग कसं साफ येते ते तुमाले समजते."

मी गेले. मावशी बाजेवर बसून होत्या. सरांनी त्यांना गोंडीत समजावलं, माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. मावशींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. सरांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही. मग त्या गायला लागल्या. मधे थांबल्या, येर मागितलं. पाण्याचा हा एक शब्द तेवढा मला आता कळतो. प्यायल्या आणि पुढे गायल्या. सर वहीत शब्द लिहीत होते. एकदा खोडून त्यांनी शेजारी वेगळाच शब्द लिहिला आणि मला म्हणाले, "आई असं नव्हती म्हणत."

मावशी दमल्या तेव्हा मी रेकॉर्डिंग थांबवलं. त्याच बाजेवर बसून तीन नकला केल्या, एक सरांच्या पेनड्राइव्हवर, एक माझ्या लॅपटॉपवर, एक वेगळ्या डिस्कवर. सरांनी प्रत्येक नक्कल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून पाहिली. मी सांगितलं होतं की एवढी गरज नाही. त्यांनी ऐकलं नाही, आणि मी पुन्हा म्हटलं नाही. ऊन अंगणातून पार गेलं तरी आम्ही तिथेच बसून होतो.