शंभराव्या दिवसाची पेटी

त्या खेळाचं नाव मी तोंडातून काढणार नाही. मोबाइलवरचा फुकटातला खेळ, आणि खेळणारा मी, चाळिशी ओलांडलेला बाप्या. मजा पहिल्या आठवड्यातच संपली होती. पण रोज हजेरी लावली की बक्षिसाची एक पेटी उघडायची, आणि एक दिवस चुकला की सगळी हजेरी पुसून पुन्हा एकपासून सुरुवात. मिळेल म्हणून नव्हे, जमलेलं जाईल या धाकाने मी जात राहिलो. नालायकांनी बरोबर नस पकडली होती.

शंभराव्या दिवशी मोठी पेटी होती. दुपारी बाराला, फक्त दहा मिनिटं. नेमकी त्याच दिवशी शेतात आमची हळद शिजत होती. नऊ महिने ती बायकोने वाढवली होती, मी नावापुरता मालक. भाड्याने आणलेला बॉयलर, वाफेवर दोन ड्रम. बॉयलरवाला पाणी आणायला गेला आणि बायको डबे आणायला घरी निघाली.

"वास सुटला की काडी टोचून पाहा," ती म्हणाली. "आरपार गेली की वाफ बंद करा. तेवढं एकच काम हाय तुमच्याकडं."

वास सुटला. मला तो कळलासुद्धा. पण बारा वाजले होते. पेटीआधी एक जाहिरात, मग दुसरी, मग गरगर फिरणारं चाक. शेवटी आतून निघाली खेळातल्या माझ्या बाहुल्यासाठी सोनेरी टोपी. मला आनंद झाला, आणि त्याची लाज अजून जात नाही.

काडी टोचली तेव्हा ती चिखलात जावी तशी गेली. बायको आली, तिने हळदीची एक कांडी बोटांत दाबली. लगदा झाला.

"काहून झालं असं?"

"फोन आला होता."

तिने माझ्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. टोपी घातलेला बाहुला अजून तिथं नाचत होता. "कोणाचा? या टोपीवाल्याचा?"

मी तिथंच खेळ काढून टाकला. त्याने काय होणार होतं? हळद वाळून काळपट पडली, वसमतच्या बाजारात तिला कोणी हात लावेना. त्यातली पायलीभर बायकोने घरासाठी दळून आणली.

तेव्हापासून माझ्या ताटात मातकट रंगाचं वरण येतं. ती स्वतः वाढते. अजून एक दिवसही चुकलेला नाही.