मझार कोन शे?

"मॅडम, तुमचं मशीन इचारतंय आत कोण हाय. आन् आत तर कोणीच नाय."

पिंपळगाव बसवंतहून दिलीपरावांचा फोन होता. त्यांचं द्राक्षांचं पॅकहाउस आहे. मळ्यातून आलेला माल तिथे निवडून पेट्यांत भरतात आणि प्री-कूलिंग चेंबरमध्ये ठेवतात. चेंबर म्हणजे मोठ्या खोलीएवढा फ्रिज. दार लागलं की ब्लोअर सुरू होतात आणि फळातली उष्णता खेचून घेतात. यंदा तीन नंबरच्या चेंबरला मोटरवर सरकणारं नवं दार बसवलं होतं. दार आणि ब्लोअर चालवणारा कंट्रोलर आमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमधला, म्हणून फोन मला.

पॅकिंगच्या बायका त्या चेंबरमध्ये पाऊल टाकायला तयार नव्हत्या. ऐन सीझन होता, कंटेनर भरायचा होता. आज थांबलं नाही तर तुमचा डबा काढून ठेवतो, असं दिलीपराव सांगत होते. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मला जास्त काळजी वाटली.

दुपारी मी तिथे पोचले. त्यांनी बटण दाबून दार लावून दाखवलं. दार सरकत आलं आणि बसलं. दाराला छोटी जाड काच आहे, तिच्यातून दिसलं की आतला दिवा आपोआप लागला. मग बाहेरच्या पॅनलवर एक ओळ उमटली.

मझार कोन शे?

ओळ थोडा वेळ तशीच राहिली. पेट्यांच्या थप्प्यांवर पांढरा उजेड पडला होता, काही हलत नव्हतं. मग दिवा गेला आणि ब्लोअर घरघरू लागले.

दिलीपराव माझ्याकडे बघत होते. मी ती ओळ मनात परत वाचली. ही अहिराणी होती. आत कोण आहे, एवढाच तिचा अर्थ. आमच्या लॅबचं दार ढकलताना शुभांगी रोज हेच विचारायची. माझी लॅबमधली जोडीदार शुभांगी आहेर वारली त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

इथे थोडं मागचं सांगावं लागेल. मी नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रोग्रॅमिंग लँग्वेजेस शिकवते. माणसं ज्या भाषेत कॉम्प्युटरला काम सांगतात, त्या भाषा तयार करणं हा माझा विषय. पीएचडीच्या इंटरव्ह्यूत मला विचारलं होतं, की घर सांभाळून हे जमेल का आणि नाशिकमध्ये याचा उपयोग काय. शुभांगी सटाण्याची, माझ्यासोबतच कॉलेजला लागली. आम्ही दोघींनी मिळून 'पायरी' नावाची छोटी भाषा केली. आज्ञा साध्या मराठीत लिहायच्या: तापमान वाढलं तर ब्लोअर चालू कर, दार बंद कर. त्या आज्ञांचं मशीनला कळेल असं भाषांतर करणारा जो प्रोग्राम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. आमचा कंपायलर शुभांगीने लिहिला आणि हौसेने तोही पायरीतच लिहिला. मग ती आजारी पडली. कॅन्सर होता. पायरी पुढे मी एकटीने चालवली.

दिलीपरावांकडून मी थोडे दिवस मागून घेतले. पॅकहाउसचा प्रोग्राम दहाएक ओळींचा होता. त्यात दिवा नव्हता, प्रश्न नव्हता. मी कॉलेजात येऊन कंपायलरचा सोर्स कोड उघडला, म्हणजे आम्ही हाताने लिहिलेला मूळ मजकूर. 'मझार' शब्द शोधला. एकदाही नव्हता. पूर्ण कोड ओळीने वाचला, काही सापडलं नाही. मग त्या स्वच्छ कोडवरून नवा कंपायलर बनवला आणि टेबलावरच्या टेस्ट कंट्रोलरवर फक्त 'दार बंद कर' ही एक ओळ चालवली.

मझार कोन शे?

लॅबमध्ये भर उजेड होता. बाहेर मुलं कँटीनला निघाली होती. तरी मी उठून लॅबचं दार उघडं ठेवलं आणि मगच परत बसले.

कारण समजायला मला अर्धा दिवस लागला. दह्याचं विरजण आठवा. आजचं दही कालच्या दह्यातून लागतं. दूध कितीही ताजं घेतलं तरी विरजणात आंबटपणा असेल तर तो पुढे येतोच. आमचा नवा कंपायलरही जुन्या कंपायलरमधूनच तयार होत होता. शुभांगीने सगळ्यात पहिल्या कंपायलरमध्ये दोन गोष्टी घातल्या होत्या. कुणी 'दार बंद कर' म्हटलं की हा प्रश्न घालायचा. आणि कंपायलर स्वतःलाच भाषांतरित करत असेल तर या दोन्ही गोष्टी नव्यात उतरवायच्या. मग तिने त्या ओळी सोर्समधून पुसून टाकल्या. लिहिलेलं कुठेच उरलं नाही, पण प्रत्येक पिढीत ते उतरत आलं. मी सुधारलेल्या प्रत्येक व्हर्जनमध्येही. आजवर सगळ्या चेंबरची दारं हाताने लावायची होती, म्हणून ही आज्ञा कुणी वापरलीच नव्हती.

मी आमच्या एचओडींना सांगितलं. पायरी विद्यापीठाच्या सिलॅबसमध्ये घ्यायचं तेव्हा ठरत आलं होतं.

"काढून टाका आणि विषय संपवा," ते म्हणाले.

"सर, कंपायलरमध्ये लपवलेला कोड होता हे सांगावं लागेल. लोक तो वापरतायत."

"सांगितलंत तर सिलॅबस विसरा. आणि त्या आहेर बाईंचंही नाव खराब होईल. विचार करा."

विचार मी केला, पण आधी मला तो कोड पूर्ण वाचायचा होता. मशीनच्या भाषेत तो वाचणं म्हणजे वाळूतून मोहरी निवडणं. दिवा लाव, प्रश्न दाखव, थांब. हे मी पाहिलं होतं. पण थांबताना तो काहीतरी वाचत होता. प्रत्येक चेंबरमध्ये दाराशेजारी आतून एक लाल बटण असतं, कुणी अडकलं तर दाबायला. त्या बटणाची वायर कंट्रोलरच्या ज्या पिनला येते ती पिन तो सारखी तपासत होता. बटण दाबलं गेलं तर दार उघड, नाहीतर ब्लोअर सुरू कर.

म्हणजे तिचा प्रश्न खरोखर उत्तरासाठी होता.

मी पुन्हा पिंपळगावला गेले. दिलीपरावांना सांगितलं, मी आत उभी राहते, तुम्ही दार लावा, मी बटण दाबलं की ते आपोआप उघडेल. नाही उघडलं तर बाहेरचं हँडल फिरवून तुम्ही उघडा. त्यांना ते अजिबात पटलं नाही. माझंच मशीन आहे, मीच बघते, असं म्हणून मी आत गेले.

दार बसलं तसा बाहेरचा सगळा आवाज बंद झाला. दिवा लागला. बाहेर पॅनलवर आता ती ओळ आली असणार हे मला माहीत होतं. का कुणास ठाऊक, मी मोठ्याने म्हणाले, "मी आहे गं." आणि लाल बटण दाबलं.

काही झालं नाही. मी परत दाबलं, दाबून धरलं. दिवा गेला. मग चारी बाजूंनी ब्लोअर सुरू झाले. त्या आवाजात स्वतःची हाकसुद्धा ऐकू येत नाही. मी दारावर हात आपटत होते आणि हात आपटल्याचा आवाजही येत नव्हता. गार वारा मानेवर आला तेव्हा मला शुभांगीची आठवण झाली नाही, कुणाचीच झाली नाही. फक्त दार उघडायला हवं होतं.

दिलीपरावांनी हँडल फिरवलं. बहुतेक लगेचच फिरवलं असेल.

त्यांनी इलेक्ट्रिशियनला बोलावून पॅनल खोलायला लावलं. नवं दार बसवताना बटणाची वायर जोडायची राहून गेली होती. केबल ट्रेमध्ये तिचं टोक टेप गुंडाळून तसंच पडलं होतं.

दिलीपराव खुर्चीवर बसले. "हप्ताभर आमच्या बाया यात ये-जा करत होत्या," ते म्हणाले. "आन् आम्ही भांडत होतो, ते इचारतं कशाला म्हणून."

त्या रविवारी मी सटाण्याला शुभांगीच्या आईकडे गेले. काकूंना कंपायलर काय सांगणार? मी एवढंच म्हटलं, की शुभांगीने एका मशीनमध्ये 'मझार कोन शे' असा प्रश्न घालून ठेवलाय. त्यांनी हातातलं निवडणं बाजूला ठेवलं. त्यांची धाकटी बहीण बर्फाच्या कारखान्यात कामाला होती, शुभांगी तेव्हा शाळेत होती. एका संध्याकाळी पाळी सुटताना कुणीतरी कोल्ड रूमचं दार लावून घेतलं. सकाळी उघडलं. बहीण दाराशीच होती.

"मझार कोन शे, आसं कोनी इचारं नही," काकू म्हणाल्या. मग त्यांनी मला जेवायला वाढलं.

शुभांगी माझ्याशी यातलं कधी बोलली नव्हती. लपवून का ठेवलं, याचा मी अंदाजच करू शकते. उघड लिहिलेली ओळ वेळ वाचवायला कुणीही काढून टाकतं. मीही काढली असती.

तरी लपवलेला कोड ठेवता येत नाही. मी दुसऱ्याच भाषेत एक कामचलाऊ कंपायलर लिहिला, त्यातून पायरीचा सोर्स गाळून काढला आणि नवं विरजण लावलं. त्यात प्रश्न नव्हता. टेबलावरचं दार मुकाट्याने बंद झालं, आणि ते मला पहिल्यापेक्षा वाईट वाटलं. मग मी तो प्रश्न सोर्समध्ये उघडपणे लिहिला, दिवा आणि बटणासकट. बटण जोडलेलं नसेल तर दार बंदच होणार नाही, एवढी एक अट वाढवली. प्रश्नाचं मराठी करणार होते. दिलीपरावांनी ते राहू द्यायला सांगितलं. बायकांना आता तसंच हवं होतं.

पायरी वापरणाऱ्या सगळ्यांना मी झालेलं लिहून कळवलं. सिलॅबसचं बारगळलं ते बारगळलंच. दोघींच्या नावाने पेपर पाठवला, तो परत आला. कंपायलर असं काही लपवू शकतो हे या क्षेत्रात फार पूर्वीपासून माहीत आहे, नवीन काय, असा शेरा होता. शेरा बरोबर होता.

थर्ड इयरला हा विषय निघतो तेव्हा मी दोनच गोष्टी सांगते. सोर्स कोरा आहे म्हणून मशीन कोरं आहे असं धरू नका. आणि बटण दिसलं की मागे वायर आहे का ते बघा.