अनवाणी पायाचा खालचा गिअर

जळगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये धड चालणारा प्लग एकच, आणि तो देवघराशेजारी. त्यामुळे माझ्या शर्यतीच्या गेमचं स्टिअरिंग, तीन पेडल आणि गिअरची दांडी देवांच्या बाजूला बसली. बायकोची अट एकच होती, बूट-चपला बाहेर. तीन वर्षं मी अनवाणी पायांनी जगभरच्या ट्रॅकवर गाडी पळवली आणि स्वतःला ड्रायव्हर समजू लागलो.

खरा तोरा होता तो गिअर खाली टाकण्याचा. वळण आलं की उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबायचा, त्याच पायाच्या टाचेने अ‍ॅक्सिलरेटरला टिचकी मारायची, इंजिनाचा वेग चढला की खालचा गिअर अलगद बसतो. हे मी जेवताना सगळ्यांना चमच्याने करून दाखवायचो. कुणी बघत नसलं की मला रागही यायचा.

सासरे धुळ्याचे. त्यांना सगळे नाना म्हणतात. जन्मभर त्यांनी लाल बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर एका जुन्या मोटारीच्या सीटा उपटून मातीच्या मैदानावरच्या शर्यतींसाठी गाडी तयार केली. ती मेहुणा पळवायचा. शर्यतीला दोन आठवडे असताना त्याचं मनगट मोडलं. त्याची विचारपूस करायच्या आधी मी म्हणालो, "नाना, मी आहे ना!" वाईट दिसलं, पण ती शर्यत मला हवीच होती. नाहीतर जन्मभर चमचाच चालवायचा होता.

नानांनी परीक्षा ठेवली. त्या रविवारी शेतात भरीत पार्टी होती. सासूबाईंनी केलेल्या भरिताचं पातेलं नानांनी गाडीत माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेत ठेवलं.

"गाडी मनी शे, पण भरीत तुमनी सासूनं शे," ते अहिराणीत म्हणाले; मनी म्हणजे माझी. "सांडाले नको."

पहिल्याच वळणावर माझ्या जाड बुटाने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबले. घाबरून मी तिसऱ्यावरून थेट पहिला टाकला. गेममध्ये असा वेडेपणा केला की यंत्र गिअर घेतच नाही. खऱ्या गिअरबॉक्सने खर्रर्र करत तो घेतला, चाकं जागच्या जागी अडली आणि गाडी कापसात शिरली. पातेलं माझ्या मांडीवर आलं, भरीत पुढच्या काचेवर गेलं.

नाना काच बघत म्हणाले, "तुमना हात बरा शे, जावईबापू. पाय घरीच राही गया."

मंडळींनी पुऱ्या नुसत्या ठेच्याशी खाल्ल्या.

संध्याकाळी नानांनी बसवाली पद्धत शिकवली. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या, पुन्हा क्लच, मग गिअर. माझी नजर वेगाच्या काट्यावर होती. "आकडा नका देखू. आयका. इंजिन सांगस." मला तर काही ऐकू येत नव्हतं, पण आठवडा मागून घेतला.

शर्यतीत बूट सक्तीचे, म्हणून आता बूट घालून सराव करायचा होता, आणि शेजारी देव. बायकोने तोड काढली. पांढरे कोरे बूट आणले, रस्ता न लागलेले, आणि त्यांना हळदकुंकू लावलं. "हे चालतील," ती म्हणाली. आठवडाभर मी पूजा झालेले बूट घालून गिअर खाली टाकत होतो. पुढच्या रविवारी पातेल्यातलं चमचाभर भरीतही सांडलं नाही. नाना एवढंच म्हणाले, "चालस."

शर्यतीच्या दिवशी त्यांनी गाडीला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मी नमस्कार केला, आत बसलो आणि गाडी रेषेवर नेली. पंच खिडकीत वाकला. "बूट कुठायत? बुटांशिवाय सोडणार नाही." मी खाली पाहिलं. नमस्कार करताना सवयीने बूट काढून नारळापाशी ठेवले होते. दोन मिनिटं उरली होती. मला रडू येईल असं वाटलं.

तेवढ्यात मैदानावरून नाना धावत येताना दिसले. धोतराचा सोगा एका हातात, माझे कुंकवाचे बूट दुसऱ्या हातात. लग्नात याच घराने माझे बूट पळवले होते. त्यांनी ते खिडकीतून माझ्या मांडीवर टाकले आणि धापा टाकत म्हणाले, "घाला आते. मनी गाडी शे ना ती, तुम्हीच चालवा."